माणसाच्या अंगचे भांडवल



अमेरिकेतला साधा कामगार महिन्याभरात जेवढे मिळवतो तेवढे मिळवायला आपल्याकडच्या कामगाराला वर्षे घालवावी लागतात. असे का, हा प्रश्न आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना पुस्तकात भेटण्याआधी पगाराच्या दिवशी भेटतो. त्याची उत्तरे देणारेही पुष्कळ आहेत. कोणी हवामानाकडे बोट दाखवतो, कोणी नशिबाकडे, कोणी परकीय राजवटीच्या लुटीकडे, तर कोणी यंत्रांच्या तुटवड्याकडे. यातले लुटीचे आणि यंत्रांचे उत्तर खोटे नाही. पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. आज जे उत्तर आपल्यापुढे मांडायचे आहे त्याला अर्थशास्त्रात ‘मानवी भांडवल’ असे नाव आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलाशी. तेव्हा विषय सोपा करून सांगणे आम्हाला भागच आहे. अवघड करून सांगण्याइतकी विद्या आमच्याजवळ नाही.

भांडवल म्हणजे काय ते आधी पाहू. शेतकरी विहीर खणतो. त्या वर्षी त्याचा पैसा आणि घाम दोन्ही जातात, पीक काही वाढत नाही. पण पाणी लागले की पुढची वीस-तीस वर्षे ती विहीर उत्पन्न देत राहते. आज पोटाला चिमटा घेऊन केलेला आणि पुढे बरीच वर्षे फळ देणारा असा जो खर्च, त्यातून भांडवल उभे राहते. मग पोराला शाळेत घातले, त्याला दूध पाजले, लस टोचली, एखादा हुन्नर शिकवला, तर तोही असाच खर्च नव्हे काय? त्याचे फळ माणसाच्या अंगी राहते, एवढाच फरक. ॲडम स्मिथने १७७६ सालीच माणसाने कमावलेल्या कसबाला देशाच्या भांडवलात धरले होते. पण ही गोष्ट पुढे आणली ती थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने, १९६० सालच्या आपल्या अध्यक्षीय भाषणात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपानमधले कारखाने बेचिराख झाले होते, तरी ते देश पंधरा-वीस वर्षांत पुन्हा उभे राहिले. कारण, कारखाने पडले तरी कारखाना चालवण्याची विद्या माणसांच्या डोक्यात आणि हातांत शाबूत होती.

आता हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका धंद्यावर घासून पाहू. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरणगाव वसले. यंत्रे बहुतेक लँकेशायरहून येत आणि ती बसवून देणारे कारागीरही अनेकदा तिकडचेच असत. म्हणजे चाती तीच, माग तोच, आणि मालही त्याच जगाच्या बाजारात विकायचा. तरी मुंबईच्या विणकराची मजुरी मँचेस्टरच्या विणकराच्या मजुरीपुढे अगदीच तुटपुंजी होती. यंत्रांच्या तुटवड्याने हे कोडे सुटत नाही, कारण येथे यंत्र समान आहे.

ग्रेगरी क्लार्क या अर्थ-इतिहासकाराने १९८७ साली जगभरच्या गिरण्यांचे आकडे एकत्र मांडले. १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक गिरणी कामगार जेवढे काम उरकी, तेवढ्याच कामाला इंग्लंडात दीड, जर्मनीत २.३, आणि हिंदुस्थान, चीन, जपान व ग्रीस या देशांत जवळजवळ सहा कामगार लागत. मुंबईचा विणकर साधारण दोन माग सांभाळी, लँकेशायरचा चार.

या आकड्यांचा अर्थ गिरणीमालकांनी आपल्या सोयीने लावला होता. मजूर आळशी आहे, सुगी आली की गावाकडे पळतो, असे ते म्हणत. आमचा या अर्थाला विरोध आहे, आणि तो केवळ आपल्या माणसांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. तो कामगार कोण होता ते पाहा. तो कोकणातून किंवा घाटावरून आलेला. १९११ च्या शिरगणतीत सबंध हिंदुस्थानात शंभरात सहाही माणसे साक्षर नव्हती. त्याला गिरणीत घेणारा जॉबर; त्याला चिरीमिरी दिल्याशिवाय काम मिळत नसे आणि मिळालेले टिकत नसे. राहायला चाळीतली खोली, तीत आठ-दहा जण. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली केली, आणि ती पदरात पडायला १८९० उजाडले. अशा माणसाच्या अंगी भांडवल घालण्याचा खर्च कोणीच केला नव्हता. सरकारने नाही आणि मालकानेही नाही. आणि जे कोणी घातलेच नाही ते दिसत नाही म्हणून त्याला आळशी म्हणायचे, हा कोणता न्याय?

दुसरीही बाजू आहे. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. एकेका कामगाराकडे जास्त माग आणि जास्त चात्या सोपवण्याची मालकांची योजना हे त्याचे एक मोठे कारण होते. कामगाराचा हिशेब सरळ होता: आपण दोनाऐवजी तीन माग सांभाळले तर शेजारचा भाऊबंद घरी बसेल. वाढलेल्या कामाचा लाभ ज्याला मिळणार नाही, तो काम वाढवायला उत्सुक नसतो. तेव्हा माणसाच्या अंगी कसब आहे की नाही एवढेच पाहून चालत नाही. ते वापरण्यात त्याचे हित आहे की नाही, हेही पाहावे लागते.

आता जपानकडे पाहा. १९१० साली गिरणीच्या कामात जपान आपल्याच पंक्तीला होता. पण १९३० नंतरच्या काळात जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्यांना आपल्याच बाजारात जेरीस आणले, आणि एका जपानी कामगारामागे निघणारे उत्पादन मुंबईच्या कितीतरी पुढे गेले. या मधल्या काळात काय झाले? जपानने १८७२ सालीच सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता, आणि १९१० च्या सुमाराला तेथील शंभरातली नव्वदांहून अधिक मुले शाळेच्या पटावर आली होती. त्या गिरण्यांतल्या बहुतेक कामगार खेड्यांतून आणलेल्या मुली होत्या. त्यांचे हालही पुष्कळ झाले, आणि त्या हालांचे गोडवे आम्ही गाणार नाही. शिवाय तेथील व्यवस्थापकांनी कापसाची मिसळ, यंत्रांची निगा आणि कामाची शिस्त यांचा कसून अभ्यास केला. म्हणजे भांडवल मजुराच्या अंगी घातले गेले तसे मुकादमाच्या आणि व्यवस्थापकाच्याही अंगी घातले गेले.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे सोयीस्कररीत्या विसरला जातो. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांत जाणकार माणसे पाठवून व्यवस्थापनाच्या साध्या पद्धती शिकवल्या: यंत्रांची वेळेवर देखभाल करणे, खराब मालाची नोंद ठेवणे, सुताचा साठा नीट लावणे. कामगार तेच होते आणि यंत्रेही तीच. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तेव्हा ‘आमचा मजूर अडाणी’ म्हणणाऱ्या मालकाने आपल्या डोक्यातल्या भांडवलाचाही ताळेबंद मांडावा, एवढीच आमची विनंती.

येथे कोणी विचारील, की हे सारे ठीक, पण देशादेशांतल्या उत्पन्नाच्या फरकातला किती वाटा या भांडवलाचा? हिशेब करू. जगभरच्या पाहण्यांतून असे दिसते की शाळेतल्या एका जादा वर्षाने माणसाची मिळकत सरासरी नऊ-दहा टक्क्यांनी वाढते. अमेरिकेतला प्रौढ माणूस सरासरी तेरा-चौदा वर्षे शिकलेला असतो, भारतातला सहा-सात वर्षे. फरक सात वर्षांचा. दरवर्षी दहा टक्के, आणि तेही चक्रवाढीने, असे सात वर्षे धरले तर मिळकत जवळजवळ दुप्पट होते. आता दोन्ही देशांतल्या महागाई-स्वस्ताईचा फरक जमेस धरूनही अमेरिकेचे दरडोई उत्पन्न आपल्या सात-आठ पट आहे. दुपटीचा हिशेब शाळेच्या वर्षांनी लागला. उरलेल्या सुमारे चौपटीचा लागायचा राहिला.

हॉल आणि जोन्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ साली असाच हिशेब अनेक देशांसाठी मांडला. १९८८ साली अमेरिकेतल्या एका कामगारामागचे उत्पादन आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या ३५ पट होते. त्यात यंत्रसामग्री वगैरे भांडवलाचा वाटा दीड पटीचा, शिक्षणाचा ३.१ पटीचा, आणि बाकीचा, म्हणजे ७.७ पटीचा, वाटा या दोहोंत न बसणारा. हे आकडे एकमेकांना गुणायचे असतात, मिळवायचे नसतात. म्हणजे शिक्षणाचा वाटा यंत्रांहून मोठा, पण ‘बाकी’ त्याहूनही मोठी. या बाकीत कायदा, कारभार, रस्ते, वीज, व्यवस्थापन, सचोटी असे सारे काही येते.

मग शिक्षणाचे महत्त्व कमी म्हणायचे काय? नाही. कारण वरच्या हिशेबात फक्त शाळेची वर्षे मोजली होती. माणसाच्या अंगचे भांडवल म्हणजे नुसती वर्षे नव्हेत. ते सबंध मोजण्याची एक युक्ती हेंड्रिक्स आणि शोलमन यांनी २०१८ साली वापरली. गरीब देशातला माणूस अमेरिकेत गेला की तेथील यंत्रे, रस्ते, कायदा, कारभार हे सारे त्याला आयते मिळते. तो बरोबर नेतो ते फक्त अंगचे भांडवल. आता त्याच माणसाचा आधीचा आणि नंतरचा पगार ताडून पाहा. दोन देशांच्या उत्पन्नात जेवढे अंतर आहे तेवढा सगळा पगार वाढला, तर सारी उणीव देशातल्या परिस्थितीची होती. काहीच वाढला नाही, तर सारी उणीव त्याच्या अंगची. प्रत्यक्षात पगार पुष्कळ वाढतो, पण त्या अंतराच्या सुमारे दोन-पंचमांश एवढाच. उरलेले तीन-पंचमांश, म्हणजे शंभरात साठ, हे अंगच्या भांडवलाच्या खात्यावर जातात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

वर्षे मोजली तर वाटा लहान दिसतो आणि माणूस मोजला तर मोठा दिसतो. या दोन उत्तरांमधले अंतर कशाचे आहे? आमच्या मते त्यातच आपल्यासाठी धडा आहे. पहिली गोष्ट म्हणजे शाळेतले वर्ष सगळीकडे सारखे नसते. ‘प्रथम’ ही संस्था ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करते. तिचा ‘असर’ नावाचा अहवाल प्रसिद्ध आहे. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्यांहून किंचित कमी मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. म्हणजे पटावर पाच वर्षे लागली, पण अंगी दोनही लागली नाहीत.

दुसरी गोष्ट शरीराची. उपाशी मूल फळ्याकडे पाहते, पण त्याला दिसत असते भाकरी. जागतिक बँकेने मुलांचे आरोग्य आणि शिक्षण मिळून एक निर्देशांक काढला आहे. २०२० साली भारताचा आकडा ०.४९ होता आणि सिंगापूरचा ०.८८. याचा अर्थ असा की पूर्ण शिक्षण आणि धडधाकट प्रकृती मिळाली असती तर मूल मोठेपणी जेवढे काम करू शकले असते, त्याच्या निम्म्याहून थोडे कमीच त्याच्या हातून होईल. उरलेले निम्मे कोणी चोरून नेत नाही; ते उगवतच नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली राज्यभर ते करून दाखवले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच कायदा केला. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, ते मात्र सरकारने पडू दिले. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो. प्राथमिक इयत्तांच्या वर गेले की शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला विद्येच्या दाराशी आधी परकी भाषा ओलांडावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले; पण विहीर उशिरा खणली की पाणीही उशिरा लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्के होती आणि जालना जिल्ह्याची सुमारे ७२. जिल्ह्यातल्या स्त्रियांची तर ६१ च्या आसपास.

‘शिकून तरी काय, पोरे बेकार फिरतात,’ असे बाया-माणसे आम्हाला विचारतात. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. विद्येला जोडीला काम लागते, जसे बियाण्याला ओल लागते. शाळा वाढल्या आणि उत्पन्न मात्र तेवढे वाढले नाही, असे देश जगात पुष्कळ आहेत. पण जेथे जोड मिळाली तेथे काय होते, तेही आपल्याच जिल्ह्यात पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात संकरित बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित कपाशीचे बियाणे तयार करायचे तर फुलागणिक हाताने परागीकरण करावे लागते. कोणते फूल, कोणती वेळ, कोणते परागकण हे ज्या बाईला कळते तिच्या हातून तीच काळी जमीन साध्या कापसाहून मोलाचे पीक देते. त्या कसबाचे दाम तिला पुरते मिळतात की नाही, हा युनियनचा प्रश्न. पण कसबाने जमिनीचे मोल वाढते, याविषयी वाद नाही.

शेवटी मुख्य गोष्टीकडे येतो. अंगचे भांडवल एवढे फायद्याचे आहे, तर गरीब ते उभे का करीत नाही? विहिरीसाठी जमीन तारण ठेवता येते. डोक्यातली विद्या तारण ठेवता येत नाही. सावकार ती जप्त करून लिलावात काढू शकत नाही. म्हणून मुलाला दहा वर्षे शिकवण्यासाठी गरिबाला कोणी कर्ज देत नाही. मात्र मुकादम उचल देतो. आपले वडीगोद्री धुळे–सोलापूर महामार्गावर आहे. दिवाळीच्या सुमारास या रस्त्याने भरून जाणारे ट्रक आणि ट्रॅक्टर आपण सारे पाहतो: भांडीकुंडी, कोयते, शेळ्या आणि पोरे. ऊसतोडीच्या भाषेत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल मिळते ती या कोयत्यावर, पाटीवर नाही. आणि उचल फेडायला आईबाप निघाले की पाटी त्यांच्यामागे फडात जाते. चार-पाच महिन्यांची शाळा बुडते, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. बारा-तेरा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते आणि लवकरच स्वतः कोयता होते. शरीराचीही तीच गत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांवरील शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तो आपण विसरलेला नाही. हे भांडवल उभे न राहणे एवढेच नव्हे. असलेले मोडून खाणे आहे.

माणसाला भांडवल म्हणणे हा त्याचा अपमान आहे, असे आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. हे एकच भांडवल असे आहे की जे कामगाराच्या मालकीचे असते, आणि संपात, टाळेबंदीत किंवा बदलीत ते कोणी काढून घेऊ शकत नाही. अपमान आहे तो ते उभे राहू न देण्यात. आणि ज्याअर्थी सावकार ते उभे करणार नाही, बापाच्या ऐपतीत ते नाही, त्याअर्थी ते समाजाने आणि सरकारनेच उभे केले पाहिजे. उपाय कागदावर आहेत. हंगामी वसतिगृहे आहेत: आईबाप गेले तरी मूल गावात आजीजवळ राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. पण मागितल्याशिवाय कागद हलत नाही.

म्हणून आमचे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. पहिले, दसऱ्याच्या आत प्रत्येक गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने तोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची यादी नावानिशी करावी, हंगामी वसतिगृहाची मागणी ग्रामसभेत ठरावाने करावी आणि तिचा पाठपुरावा सोडू नये. दुसरे, तोडणीच्या दराच्या वाटाघाटींना आम्ही युनियनवाले बसतो तेव्हा टनामागच्या रुपयांबरोबर मुलांच्या शाळेचे कलमही करारात आले पाहिजे, आणि तुम्ही आम्हाला त्याचा जाब विचारला पाहिजे. दर वाढला तर यंदाचा हंगाम बरा जाईल. मूल शिकले तर त्या घरावर पुन्हा उचल घेण्याची पाळी येणार नाही.